जोड नसलेलं घर

दळवीकाका कुठेही गेले की आधी भिंत वाजवून बघायचे. शारजाच्या अल मजाज भागात आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हाही चपला काढायच्या आधी बोटाच्या पेराने टकटक करून त्यांनी तोंड वाकडं केलं. "मॅडम, घर कारखान्यात बनवायचं. छपराखाली. ना ऊन, ना पाऊस, ना गवंड्याची वाट बघणं. दीड महिन्यात खलास!"

शारजातल्या आमच्या कारखान्यात ट्रेलरवरून न्यायची तयार घरं बनतात. मी तिथे नकाशे काढते. काका वेल्डर होते, बावीस वर्षं जुने. मी मुलीच्या वयाची असूनही मला मॅडमच म्हणायचे आणि माझ्या नकाशातली चूक मात्र सगळ्यांदेखत काढायचे. मला राग यायचा. बहुतेक वेळा चूक माझीच असायची.

त्यांची बायको, सुनंदाकाकू, कोकणात दिराच्या पडवीत राहायच्या. चूल वेगळी मांडायचीही चोरी. "स्वतःचं दार लावून झोपायचंय तिला," काका म्हणायचे. चढावरच्या आपल्या मोकळ्या जागेसाठी त्यांनी तयार घर घ्यायचं ठरवलं. नकाशा मी काढला. कोल्हापूरकडचा कारखानदार म्हणाला, तुकड्यांत देतो, जागेवर जोडा. काका फोनवरच उखडले. "जोड बिलकुल नको. जोडातूनच गळतं. अख्खं पाठव!" जागेचं माप काकूंनी फीत धरून कळवलं. मी घर त्यात इंचाइंचाने बसवलं.

घर पोचायच्या दिवशी काकांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना शिरा वाटला. तेवढ्यात काकूंचा फोन आला. ट्रेलर गावात अडकला होता. जांभ्याच्या गडग्यांमधून, दगडी कुंपणांमधून, वर जाणाऱ्या वाटेला एक वळण आहे; छोटा ट्रक वळतो, एवढं लांब घर वळेना. इथल्या रुंद रस्त्यांवर घरं पाठवण्यात आयुष्य गेलेले काका स्वतःच्या गावचं वळण विसरले होते. मी तर विचारलंही नव्हतं.

फोन स्पीकरवर होता. "अहो, मी भांडी बांधून निघालेय. भावोजींना सांगून आलेय. आता परत कुठच्या तोंडाने जाऊ?"

काकांच्या हातातला शिरा तसाच राहिला.

घर वळणाखालीच उतरवलं; गावी जायला काकांना रजा मिळाली नाही. काकांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांनी तो नकाशा पसरला.

"मॅडम, कुठे कापू, तेवढी रेघ मारून द्या."

"काका, चूक माझीही आहे."

"असू दे. रेघ सरळ मारा. यल्ला, चला."

स्वयंपाकघर आणि खोली यांच्या मधून मी लाल रेघ ओढली. पट्टी त्यांनी धरली.

अर्धं-अर्धं करून घर दोन खेपांत वर गेलं. जोड काकांनी स्वतः मारला. काकू आता तिथेच राहतात, आतून कडी लावून. तिकडे पाऊस लागल्याचं कळलं की मी फोन हातात घेते आणि तसाच ठेवून देते. गळतं का, हे विचारायचा मला अजून धीर होत नाही.