दगडासंगं आलेली मंडळी

माझ्या भावाला माशांचं वेड कुठून लागलं, देव जाणे. वसमतला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत शूटिंगच्या ऑर्डरी घ्यायचा, बाकीच्या दिवसांत पासपोर्ट फोटो काढायचा. आमच्या खानदानात कुणी समुद्र डोळ्यांनी बघितलेला नाही. पण हा पठ्ठ्या कॅमेरा घ्यायला मुंबईला गेला, तिथं एका दुकानात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी बघितली आणि पार येडा होऊन परत आला. मोबाईल तेव्हा नुकतेच हातात आले होते. रोज त्या दुकानदाराला फोन. मग काचेची टाकी आली, पंप आला, समुद्राच्या मिठाची पाकिटं आली. स्टुडिओत बादल्याच बादल्या भरून खारं पाणी कालवून ठेवलेलं.

"नळाला चार दिसाला एकदा पाणी येऊन राहिलं," माय कपाळाला हात लावून म्हणायची, "अन् ह्यो त्यात मीठ कालवून राहिला!"

त्याच उन्हाळ्यात मी माहेरी आले. आले म्हणजे निघूनच आले. नवरा प्यायला की हात उचलायचा. ते मी सोसलं. पण एक दिवस तो हात माझ्या लेकरावर पडला आणि त्या दिवशी मी पोरगी कडेवर घेतली, एक पिशवी उचलली आणि मिळेल त्या एसटीत बसले. माहेरच्या दारात वैनी उभी होती. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, "हातपाय धुवा, जेवायला बसा," म्हणाली आणि आत गेली. एवढंच.

आमच्याकडं दुरून कुणी आलं, नवी नवरी, बाळंतीण, लांबचा पाहुणा, की त्याला दारातच थांबवतात. भाकरीचा तुकडा ओवाळून बाजूला टाकतात, पायांवर तांब्याभर पाणी घालतात, मग उंबरा ओलांडायचा. माझं लेकरू सव्वा महिन्याचं असताना मी याच घरातून सासरी गेले, तेव्हा त्या लोकांनीसुद्धा तुकडा ओवाळला होता. आणि इथं, माझ्या बापाच्या दारात, काही नाही. निघून आलेल्या बाईला कोण ओवाळणार? मी ते मनात धरलं. मी एकदा धरलं की सोडत नाही, माझा स्वभावच तसा आहे.

घरात माझ्यावरून रोज कुजबुज. माय उठता-बसता म्हणायची, "लेकीनं सासरी नांदावं, लोकं तोंडात शेण घालतेत." सासरकडची मंडळी रविवारी बैठकीला येणार होती. त्यात एकदाचं ठरणार होतं, मी इथं राहायचं की लेकराला घेऊन पुन्हा त्याच घरात जायचं. भाऊ जिवाचा चांगला, पण घरातलं कुठलंच काम वैनीला विचारल्याशिवाय करत नव्हता. म्हणजे माझं आणि माझ्या पोरीचं सगळं वैनीच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. आणि वैनी तर तोंडाला कुलूप लावून बसलेली.

अशात तो दगड आला. मुंबईच्या दुकानदारानं रेल्वेनं पाठवलेला थर्माकोलचा खोका भाऊ स्वतः नांदेडला जाऊन घेऊन आला. आत ओल्या पेपरात गुंडाळलेला, भोकाभोकांचा, गुलाबी-जांभळ्या डागांचा एक वेडावाकडा धोंडा. वास असा, की माय पदर नाकाला लावून मागं सरली.

"सांभाळून धरा, जिवंत दगड हाय," भाऊ म्हणाला.

"दगड जिवंत असतो व्हय रे?" माय म्हणाली. "मग ह्याला बी जेवाय वाढावं लागंल का काय!"

"अगं, त्याच्यात जीव असतेत बारके बारके. समुद्रातून आलाय त्यो," म्हणत भावानं दगड घमेल्यात ठेवला, घमेलं दारात ठेवलं आणि टाकी पुसायला आत पळाला.

जिवंत आहे, इतक्या लांबून आलाय, हे वैनीनं ऐकलं मात्र. ती चुलीपाशी गेली, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. दगडावरून तुकडा ओवाळून बाहेर टाकला आणि मोठ्या श्रद्धेनं सगळा तांब्या दगडावर ओतला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दगडाला ओवाळलं! मी दारातून आले तर एक थेंब नाही आणि धोंड्याला तांब्याभर पाणी! मी आता तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ बोंबलतच बाहेर आला. "अगं काय केलं हे! गोड्या पाण्यानं मरतेत ती!"

"कोण मरतेत?" वैनी घाबरून म्हणाली.

आणि मग ती मंडळी बाहेर पडायला लागली. आधी एका भोकातून नखाएवढा केसाळ खेकडा तिरका तिरका निघाला. मग दोऱ्यासारखे पाच हात वळवळवत एक चांदणीसारखं काहीतरी. एक पांढरी गोगलगाय. आणि सगळ्यात शेवटी एक लांबलचक तांबूस किडा, अंगभर पांढरी लव. बाई गं! माय तर ओसरीवरून थेट अंगणात. माझी पोरगी मात्र घमेल्यापाशी उकिडवी बसली. "मामी, हे कोन हायत?"

"पाहुणे हायत," वैनी म्हणाली आणि तिनं तो किडा चिमटीत उचलून भावाच्या खाऱ्या बादलीत सोडला. मागोमाग भावानं दगडही बादलीत बुडवला.

वैनीची बोटं क्षणात भाजल्यासारखी लाल झाली. त्या किड्याची लव काचेच्या कुसळासारखी बोटांत रुतली होती. भावानं दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, चिकटपट्टी लावून ओढा, निघतील. स्टुडिओत पार्सलं बांधायची चिकटपट्टी होती. मी वैनीचा हात मांडीवर घेतला आणि पट्टी लावून ओढत बसले. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा हात लावला होता. खरं सांगते, पहिल्या दोन-तीन वेळा मी जरा जोरातच ओढली.

"ताई, तुमचं काय ठरलं?" ती हळूच म्हणाली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काय ठरायचंय? कायमची बसाय न्हाई आले मी तुमच्या बोकांडी!"

तिनं दुसरं बोट पुढं केलं.

तिकडं भावाचं फोनवर चाललेलंच होतं. दुकानदार सांगत होता, "केकड़ा निकाल के फेंक दो, मछली खा जाएगा." भाऊ वाटीत खेकडा घेऊन नालीकडं निघाला. माझ्या पोरीनं भोकाड पसरलं.

"थांबा," वैनी बसल्या जागेवरून म्हणाली. "लोणच्याची बरणी रिकामी हाय, त्यात ठिवा."

"अगं, मासे खातो त्यो."

"मासे कुठं हायत अजून तुमच्याकडं? अन् मासे आले तरी ह्याला अलग ठिवू. कुठून कुठून जीव वाचवून आलाय. बाहेर न्हाई टाकायचा."

भाऊ मुकाट्यानं परत फिरला. मी चिकटपट्टी हळू ओढायला लागले. त्या दिवशी माहेरी आल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

दगड टाकीत गेल्यावर पुढचे दिवस मामी-भाचीला दुसरा धंदा उरला नाही. रोज सकाळी टॉर्च घेऊन टाकीपुढं. दगडातून रोज नवीन कुणीतरी डोकं काढायचं. एक पिसासारखा पंखा उघडायचा आणि पोरीनं काचेला बोट लावलं की झटकन मिटायचा. पोरगी खदखदून हसायची. सासरी तिचं हसू मी विसरूनच गेले होते. त्या दगडाचे उपकार मी कसे फेडू?

रविवारी बैठक बसली. स्टुडिओतच, धबधब्याचं चित्र रंगवलेल्या पडद्यापुढं. सासरे, चुलत सासरे, दीर. नवरा आलाच नाही. चुलत सासरे खाकरून म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. भांड्याला भांडं लागतंच. लेकीला पाठवा."

मायनं मान डोलावली. भावानं नेहमीसारखं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मी पोरीला पोटाशी आवळून भिंतीला टेकून उभी.

वैनी चहाचा ट्रे घेऊन आली. डोक्यावरचा पदर सारखा केला, ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "पोरीचं नाव मी बालवाडीत घातलंय. तिची शाळा हितं हाय, आता तिला नेता येणार न्हाई. अन् तिला सोडून तिची माय जाणार न्हाई. चहा घ्या, गार होऊन राहिला."

माझा कानांवर विश्वास बसेना. कधी घातलं नाव? कुणाला विचारून? मायचा तर आ वासलेला. भावानं चटकन कप उचलला आणि म्हणाला, "व्हय. आमचं बराबर ठरलंय तसं." त्याचं काही एक ठरलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. सासरे थोडा वेळ गुरगुरले, पण चहा पिऊन गेले.

मी स्वयंपाकघरात गेले. वैनी कपबशा विसळत होती. मला रडू आवरेना, आणि रडू आलं की मला भांडण सुचतं. "एवढं मनात होतं तर बोलायला काय झालतं? मी रोज मरून राहिले हितं!"

"म्हणून तर विचारलं मी, काय ठरलं म्हणून. तुमी अंगावर आल्या."

"अन् मी आले त्या दिवशी? लेकरू काखेत घेऊन दारात उभी राहिले, तुमी तांब्याभर पाणी घातलं न्हाई माझ्या पायावर. दगडाला घातलं! काहून?"

वैनीनं विसळलेली कपबशी पालथी घातली आणि माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत.

"ओवाळतेत ते पाहुण्याला, ताई. तुमी तर घरी आल्या होत्या."

खेकडा त्या बरणीत बरेच दिवस जगला. टाकीची वाट पुढं भारनियमनानं लावली. लाईट गेली की पंप बंद, आणि लाईट तर अर्धा दिवस जायची. भाऊ हळहळला आणि पुन्हा लग्नाच्या शूटिंगला लागला. मी त्याच स्टुडिओत अल्बम लावायला शिकले, पोरगी त्याच घरातून शाळेत गेली, मोठी झाली.

अजूनही मी कुठून लांबून परत आले की वैनी दारात येत नाही. आतूनच ओरडते, "चपला नीट काढा, आत्ताच पुसलंय!"

आणि मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही, ती चपला नीट काढून ठेवते.