उस्तादांच्या भट्टीचा रंग

जपानातल्या आमच्या ओसाफुने गावात तलवारी घडवणाऱ्या गेन्शिरो उस्तादांकडे मी उभा जन्म घण मारला. या कामाला डोकं लागत नाही, म्हणूनच ते मला मिळालं. उस्तादांनी छोट्या हातोडीनं ऐरणीवर टकटक केलं की मी घण हाणायचा. टकटक थांबली की थांबायचं. बायको म्हणते, "घरात ओरडून सांगितलं तरी हलत नाही तुम्ही, तिथे बरे टकटकीवर नाचता!"

आयुष्यभर विस्तवात बघून उस्तादांची नजर गेली. बाकीचं काम त्यांच्या हातांना पाठ होतं. पण तापलेलं पातं पाण्यात कधी बुडवायचं ते रंगावरून ठरतं, आणि रंग हाताला कळत नाही. गावच्या देवळात वाहायची ही त्यांची शेवटची तलवार. ती तडकली असती, तर तडकलेलं पातं मागे ठेवून भट्टी कायमची विझली असती.

"तोमे, रंग तू सांगायचास," ते म्हणाले.

"मी? उस्ताद, मला बायकोचा नवा किमोनो ओळखू येत नाही!"

"तो भट्टीत घालायचा नाहीये. पिकलेल्या काकी फळाचा शेंदरी रंग आला की बोल. खाण्यातलं कळतं तुला."



रंग नीट दिसावा म्हणून भर दुपारी दारं-खिडक्या लावून अंधार करतात. तो मी केला. मातीचा लेप दिलेलं पातं विस्तवात गेलं आणि मी जाणत्याच्या ऐटीत सुरू झालो, "अजून नाही... अजून कच्चंच आहे, उस्ताद..."

"तोमे, माझ्या मानेला ऊन कसं लागतंय?"

वळून बघतो तर मागची झडप सताड उघडी! उजेडात लोखंड निस्तेज दिसत होतं. झडप लावली, तर पातं काकीच्या कधीच पुढे गेलेलं, पिवळ्या लिंबाकडे निघालेलं.

"उस्ताद, जास्त पिकलं..."

"गाढवा!"

त्यांनी पातं बाहेर ओढलं, पूर्ण निवू दिलं, लेपावरून बोट फिरवलं. लेप शाबूत होता. पातं पुन्हा विस्तवात सरकलं. या खेपेला मी पापणीसुद्धा लववली नाही.

"आता!" मी किंचाळलो.

पातं पाण्याच्या डोणीत शिरलं, वाफ उसळली. तडा गेला की 'टिण्' असा बारीक आवाज येतो. आम्ही दोघं श्वास रोखून ऐकत राहिलो. पाणी शांत झालं. उस्तादांनी पात्यावरून अंगठा सावकाश टोकापर्यंत नेला.

"वाचलं."

तिथेच फतकल मारून मी हुंदके देऊ लागलो.

"बाहेर जाऊन रड, तोमे," उस्ताद म्हणाले. "इथे पातं गंजेल."