डिसेंबरातला रोवणा

"तुमच्याकडं डिसेंबरात रोवणा होतो?"

मी असं विचारलं तसा समोरचा पोरगा बाटलीतलं पाणी पिऊ लागला. तो आल्यापासून पीतच होता. दहा मिनिटांत मोठी बाटली अर्धी झाली होती, आणि खुर्चीही त्यानं एसीसमोरून उचलून कपाटाच्या आडोशाला नेली होती. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

कोरपन्याच्या बाजूला एका सिमेंट प्लांटमध्ये मी पर्सोनेल ऑफिसर होते. आता त्याला एचआर म्हणतात, काम तेच. माणूस घ्यायचा, त्याची फाइल लावायची आणि तो का आला नाही हे आयुष्यभर विचारत बसायचं. गेल्या वर्षी रिटायर झाले, पण खोड गेली नाही. शेजारीण भिशीला आली नाही तरी मी कारण विचारते.

पोराचं नाव प्रणय मारबते. पोंभुर्ण्याकडचा, बी.एस्सी. केमिस्ट्री. चंद्रपूरला एका कंत्राटदाराच्या लॅबमध्ये दोन वर्षं कोळसा तपासायचं काम केलेलं. आमच्याकडे इंटरव्ह्यू उत्तम झाला होता. पोस्टिंग किल्नवर. किल्न म्हणजे सिमेंटची भट्टी. तिच्याजवळ उभं राहिलं की थंडीतही अंगाला घाम सुटतो. उरलं होतं फक्त जॉइनिंगचं कागदकाम.

आमच्या जॉइनिंग फॉर्ममध्ये एक रकाना होता. मागच्या दोन वर्षांत सलग सात दिवसांच्या वर रजा घेतली असेल तर तारखा आणि कारण लिहा. बहुतेक जण तिथं आडवी रेघ मारतात. यानं तीन रजा लिहिल्या होत्या. डिसेंबर, मे, परत डिसेंबर. तिन्हींपुढे कारण एकच: धानाचा रोवणा.

रोवणा म्हणजे भाताची लावणी. आमच्याकडे ती पाऊस बसल्यावर, जुलैच्या आसपास होते. मी मूल तालुक्यातली, धानाच्या पट्ट्यातली. गुडघाभर चिखलात वाकून मी रोवणा केलेला आहे. डिसेंबरात आमचं धान मळून घरात येतं, आणि मे महिन्यात बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, भेगा पडलेल्या असतात. हा पोरगा मला येडी समजतो की काय, असं वाटून माझं डोकंच फिरलं.

"किती बांध्या आहेत तुमच्या?"

"चार... पाच असतीन, बाई."

"असतीन? सोताच्या बांध्या माहीत नाई तुले?"

मी फॉर्म उलटला. वडिलांचा व्यवसाय: मासेमारी.

"बाबाचं जाळं तलावात, अन् तू रोवणा कोनाच्या वावरात करून राह्यला रे?"

तो खाली पाहत बाटलीचं झाकण फिरवू लागला. मी मनात दोन शक्यता धरल्या. एक तर दारू, नाही तर लपूनछपून दुसरी नोकरी. रजेची कारणं मी आयुष्यभर वाचली आहेत. एका फिटरनं तर 'वाटेत वाघ बसला आहे' म्हणून चार दिवस घरी काढले होते. तो खरं सांगत होता, ही गोष्ट वेगळी.

मग पोरानं मान वर केली आणि मला त्याचे डोळे दिसले. पांढऱ्या जागी पिवळसर. ते सारखं पाणी पिणं, ती एसीपासून पळालेली खुर्ची, सगळं एकदम जागेवर बसलं.

"सिकलसेल हाय का, बापा?" मी हळूच विचारलं.

त्यानं मान हलवली.

आमच्या भागात हा आजार सगळ्यांना माहीत आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग हाडं, सांधे असे दुखतात की धट्टाकट्टा माणूस रडतो. पाणी कमी पडलं, ऊन लागलं, कडक थंडी पडली की दुखणं उठतं. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आईबापाकडून रक्तातून येतो. त्यामुळे सोयरीक जुळवताना आमच्याकडे आता पत्रिकेच्या आधी रक्ताचा रिपोर्ट मागतात.

"मंग आजारी होतो असं काऊन नाई लिहिलं?"

"आजारी म्हनलं का नोकरी देत नाई, बाई. मागच्या ठिकानी पर्मनंट करून राह्यले होते, रजा पाहून माझं नाव काटलं. संगचे पोट्टे म्हने, रोवन्याच्या सुट्टीले कोनी काई म्हनत नाई."

"अरे, पन महिना तं पाहाचा होता!"

"आमी ढिवर, बाई. आमाले मासोळीचे महिने माहीत."

मला हसू फुटलं. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. एवढं शिकलेलं, तारखा खऱ्या लिहिणारं लेकरू, आणि त्याला दुखण्यापेक्षा दुखणं सांगायची भीती जास्त होती.

"तुझी पोस्टिंग भट्टीवर हाय. मे महिन्यात तिथं उभा राहशीन?"

"राहीन ना. पानी पीत राहीन."

"तुझ्या पान्यानं भट्टी थंडी होत नाई."

"खरं लिहिलं तं नोकरी जाईन, बाई."

"नाई लिहिलं तं तू जाशीन."

मी कोरा फॉर्म पुढे सरकवला. त्यानं आधी बाकीचे रकाने भरले. मग तिन्ही तारखांपुढे 'सिकलसेल' लिहिलं आणि पाकिटातून दवाखान्याचं घडी पडलेलं कार्ड काढून फॉर्मवर ठेवलं. आता त्याची नोकरी माझ्या हातात होती. मी दोन्ही कागद उचलले आणि साहेबांच्या केबिनकडे निघाले.

आमचे मॅनेजर सबनीस साहेब पुण्याचे. माणूस सरळ, पण हजेरीच्या बाबतीत कडक. त्यांनी फॉर्म वाचला.

"मॅडम, मुलगा हुशार आहे. पण तीन मोठ्या रजा? हा प्रोबेशनमध्येच झोपेल." प्रोबेशन म्हणजे पर्मनंट करण्याआधीचे पारखण्याचे महिने.

"साहेब, आपलं मागच्या जुलैचं लीव्ह रजिस्टर बघता का?"

"त्याचा काय संबंध?"

मी रजिस्टर टेबलावर उघडलंच. पॅकिंग, वर्कशॉप, स्टोअर. पानंच्या पानं मेडिकल लीव्ह. ताप, ताप, कंबरदुखी, ताप.

"साथ आली होती का?"

"दरवर्षी येते, साहेब. रोवणा संपला की आपोआप उतरते."

साहेबांनी चष्मा सारखा केला आणि पानं उलटली. एका नावावर त्यांचं बोट थांबलं. तो त्यांचा ड्रायव्हर होता. "हासुद्धा? मला तर टायफॉइड सांगितला होता."

"दोन एकरांचा होता, साहेब."

त्यांनी आणखी दोन पानं उलटली. मी म्हणाले, "हे सगळे धडधाकट लोक आजार लिहून रोवणा करतात, आणि आपण त्यांना सांभाळतो. हा एकटा खरा आजारी, तर तो बिचारा रोवणा लिहून आला."

"आणि या रजा इतकी वर्षं पास कोण करत होतं?"

"मी मूलची आहे, साहेब," मी म्हटलं. सबनीस साहेबांना एवढं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

प्लांटच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं: भट्टी नको, उंचीवरचं काम नको, क्वालिटी लॅबसाठी फिट. लॅबमध्ये एक जागा रिकामी होतीच. साहेबांनी सही केली आणि गुरगुरले, "त्याला सांगा, दुखायला लागलं की सरळ सुट्टी टाकायची. रोवणा नको."

प्रणयला ऑर्डर दिली तेव्हा त्यानं ती दोनदा वाचली. मग वाकून माझ्या पाया पडायला लागला, तर मी रागावले. रागावले नसते तर रडले असते.

त्या मे महिन्यात तो आठ दिवस आजारी पडला. साहेबांनी न बोलता रजा मंजूर केली. जुलैत अख्ख्या प्लांटला ताप आला, तेव्हा लॅब त्यानंच सांभाळली.

तीन वर्षांनी, दोन्हीकडचे रिपोर्ट बघूनच, त्याचं लग्न झालं. सासर धानवाल्यांचं. माझ्या शेवटच्या जुलैत त्याचा अर्ज आला. दोन दिवसांची रजा, कारण: धानाचा रोवणा.

मी फोन लावला. "तुले चिखलात उतराची मनाई हाय ना?"

"मी नाई उतरत, बाई. चिखलाच्या भाईर, धुऱ्यावर बसून समद्यायले चा देतो."

साहेबांनी आधी महिना पाहिला, मगच सही केली. रोवण्याला जाताना रोवणा लिहिणारा आमच्या प्लांटमधला तो पहिला माणूस. मी कौतुकानं रजिस्टर उघडलं, नाव चढवलं, आणि कारणापुढे हातानं आपोआप 'मेडिकल' लिहिलं. खोडावं लागलं. खरं लिहायची सवय लावून घ्यावी लागते, पर्सोनेल ऑफिसरलासुद्धा.