गव्हाणीचा कोपरा

खोपोलीत विजेच्या कारखान्यासाठी डोंगरावरून मोठाले नळ उतरवत होते, त्या वर्षांत ती नगरकडून माती वाहायला आली होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती ख्रिस्ती झाली होती, पण तिची आधीची जात गाव विसरलं नव्हतं. तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेत नसे.

मी घरात नवी सून, गोठा माझ्याकडे. दर नाताळच्या सकाळी ती मागच्या दाराशी यायची आणि गुरांची गव्हाण घासायला मागायची. माझं एका दिवसाचं काम वाचायचं म्हणून मी हो म्हणायचे. त्यात मोठेपणा काही नव्हता. शिळा चारा काढून ती काथ्यानं गव्हाण घासायची, शेवटी कोपऱ्यातला मळ नखानं खरवडायची. मग तिथंच गुडघे टेकून प्रार्थना करायची.

तिसऱ्या वर्षी सासऱ्यांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "बाय, औंदा ओसरीवर बस गं. तिथं कर तुजी प्रार्थना. कोन काय बोलनार नाय."

तिनं हातातला काथ्या ठेवला नाही. "मालक, माझा देव वसरीवर न्हाई जलमला. त्याच्या आईला कुणी घरात घेतलं न्हाई, तवा त्यो गव्हाणीत निजला. म्हणून तर त्यो माझा हाय."

सासरे आत गेले.

पुढच्या नाताळाआधी नळांचं काम संपलं आणि ती निघून गेली. नाताळच्या सकाळी मीच काथ्या घेऊन गव्हाणीशी बसले. घासून उठले, तर मागं सासरे पाण्याची घागर घेऊन उभे.

"कोपरा ऱ्हायला," ते म्हणाले.