मुलुंडमधली अमेरिकन गोधडी

नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांचे नंबर मी विसरले आहे. मुलुंडची ती गोधडी मात्र अजून डोळ्यांसमोर आहे, तिच्यावरच्या दुधाच्या डागासकट. मी खात्यात फार वर्षं काढली नाहीत. उपनिरीक्षक म्हणून लागले आणि काही वर्षांनी राजीनामा दिला. या घटनेतल्या कुणाचंही नाव इथे देत नाही.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोर सत्तरीच्या एक बाई ताठ बसल्या होत्या. आमचे हवालदार माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, अमेरिकेत राहून आलेल्या आहेत. तुम्ही इंग्लिश मीडियमच्या, तुम्हीच बघा."

"काय चोरीला गेलंय?"

"गोधडी."

"गोधडी?"

"जुनी. फाटकी. बाई स्वतःच सांगतायत."

मी जाऊन "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हटलं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मालवणी येता काय गो तुका? नाय? मग मराठीत बोल. आणि मॅडम तू. मी मावशी."

मावशींनी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स म्हणून जन्म काढला होता. सुट्टीच्या दिवशी त्या आसपासच्या गावांतल्या लिलावांना आणि जुन्या बाजारांना जायच्या. घ्यायच्या ते एकच, तिकडच्या बायकांनी फार पूर्वी हाताने शिवलेल्या लहान गोधड्या. काही पाळण्यातल्या, काही त्याहून लहान, बाहुल्यांच्या. निवृत्त झाल्यावर त्या मुलुंडला परतल्या तेव्हा सामानात मुख्यतः या गोधड्याच होत्या.

हवालदार तक्रार लिहीत होते. 'फाटकी' हा शब्द मावशींनी खोडायला लावला. "झिजलेली लिहा. फाटणं वेगळं, झिजणं वेगळं." मग त्यांनी ओळखीच्या खुणा सांगितल्या. निळे-पांढरे त्रिकोण, एका बाजूला विटकरी ठिगळ, कोपऱ्यात दुधाचा जुना डाग. हरवलेल्या सोन्याच्या बांगड्यांचंही इतकं नेमकं वर्णन मी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

घटनास्थळ पाहायला मी त्यांच्या घरी गेले. मलमलीत गुंडाळलेली एकेक गोधडी त्यांनी पलंगावर उलगडली. मी चोरी विसरून बघत राहिले.

"मोठी गोधडी जीर्ण झाली की तिचा बरा तुकडा कापतात आणि पाळण्यातली म्हणून खपवतात," त्या म्हणाल्या. "कडेला बघायचं. नक्षी मध्येच तुटली असेल तर ती कापलेली. खरीत सगळंच लहान असतं, चौकोन लहान, किनार लहान. बाळाच्या मापाने विचार केलेला असतो बाईने."

बाहुलीची एक गोधडी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. सुरुवातीचे टाके सरळ होते, पुढे ते लांब आणि वाकडे होत गेले होते. "इथे पोरीला कंटाळा आला. आईने धरून बसवली असणार शिवायला," मावशी म्हणाल्या. त्या कुठल्याशा मुलीवर मावशींची इतकी माया होती की मला हसू आलं आणि जरा हेवाही वाटला.

हरवलेली गोधडी हवा लागावी म्हणून खुर्चीच्या पाठीवर टाकली होती. मावशी दुपारी बँकेत गेल्या, परत आल्या तर ती नव्हती. घरात त्यांची थोरली बहीण होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आलेली. तिला सगळे आक्का म्हणत. आपण काळा चष्मा लावून झोपलो होतो, काहीच ठाऊक नाही, असं आक्का म्हणाल्या. त्या दिवशी घरात येऊन गेल्या होत्या फक्त घरकाम करणाऱ्या ताई.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. ताई त्या दुपारी गाठोडं घेऊन फाटकाबाहेर गेल्या, अशी खबर. सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंतही ती पोचली होती. चौकशी संपेपर्यंत ताईंना आत सोडू नये, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. त्या एका बिल्डिंगमध्ये ताईंची सगळी कामं होती. मावशी सेक्रेटरींशी कडाक्याने भांडल्या, पण फाटक काही उघडलं नाही.

महिलेचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. मी भांडुपला ताईंच्या खोलीवर गेले.

"या, घ्या झडती," ताई दारातच म्हणाल्या. "एवढीशी खोली. इथे उंदीर लपत नाय, गोधडी कुठे लपवू?"

"गाठोड्यात काय होतं?"

"दुसऱ्या मजल्यावरचे पडदे. इस्त्रीला दिले. जा, विचारा इस्त्रीवाल्याला. आणि मॅडम, मला चोरायचंच असतं तर मावशींच्या पाटल्या बेसिनवर पडलेल्या असतात रोज. चिंधी कशाला चोरू?"

"मावशींचा तुमच्यावर संशय नाही."

"त्यांचा नाय हो. फाटकावर त्या सगळ्यांच्या देखत थांबवली मला. पिशवी उघड म्हणाले. आता दुसऱ्या बिल्डिंगीत कोण ठेवतंय? ती बातमी माझ्या आधी पोचते."

इस्त्रीवाल्याने पडद्यांची गोष्ट खरी असल्याचं सांगितलं. मात्र कामावर जायला तेवढं पुरणार नव्हतं. गोधडी सापडेपर्यंत ताई चोरच राहणार होत्या.

मी पुन्हा मावशींकडे गेले, आक्कांचा सविस्तर जबाब घ्यायला. आक्का स्वयंपाकघरात तांदळाचं पीठ भरत होत्या. आमच्याकडे भांड्यांवर नाव कोरून घेतात. मावशींच्या घरात तर आईच्या, आजीच्या नावाची भांडी होती, वाटी-चमच्यापर्यंत. मी बोलता बोलता मांडणीवरची नावं वाचत होते. आक्कांच्या हातातला डबा मात्र कोरा होता, झाकणासकट लखलखीत. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

"डबा नवा दिसतो," मी म्हटलं.

आक्कांनी तो भिंतीकडे सरकवला. त्याच्यावरून हात काही काढेनात.

मी आणखी काही विचारलं नाही. मला गप्प बसायची सवय आहे, तपासात तिचा उपयोग होतो. थोड्या वेळाने आक्का खाली पाटावर बसल्या.

"सांजेक पावणे येवचे होते," त्या म्हणाल्या. "खुर्चयेर ती गोधडी. ठिगळ लावलेली, डाग पडलेली. लोक काय म्हणतले, अमेरिकेत ऱ्हवान इली आणि घरात चिंध्यो? दारात बोहारीण इली, म्हणान दिलंय तिका. डबो बरो होतो."

मावशी दारात येऊन उभ्या होत्या. "मग बोललंस कित्याक नाय गो?"

"तू पोलिसांत गेलंस!" आक्का रडू लागल्या. "माका वाटला, म्हातारपणी माका धरून नेतीत."

मावशींनी भिंतीकडचा डबा उचलून झाकण काढून-लावून बघितलं. मग म्हणाल्या, "डबो खराच बरो आसा," आणि बहिणीजवळ बसल्या.

जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या त्या बोहारणीला आत सोडणाऱ्या वॉचमनला आम्ही गाठलं. सोसायटीत फेरीवाल्यांना बंदी होती, नोकरी जाईल म्हणून तो गप्प बसला होता. चौकशी आपल्यापर्यंत येऊ नये म्हणून निनावी फोनही त्यानेच केला होता. बोहारीण मानखुर्दला राहते, एवढं त्याने सांगितलं.

मावशींना आणि दोन पंचांना घेऊन आम्ही तिच्या वस्तीत गेलो. पोलीस बघताच बोहारीण मोठ्याने बोलू लागली, "चोरी नाय केली साहेब! डबा दिला ना मी, झाकणवाला! गोधडी पाहिजे तर माझा डबा परत द्या."

"गोधडी आहे कुठे?"

तिने आत बोट दाखवलं. झोळीच्या बाजूला, जमिनीवर, गोधडीवर तिचं नातवंड झोपलं होतं. अगदी लहान, मुठी मिटलेल्या.

"बाजारात नेणार होते," ती म्हणाली. "हातात घेतली तर लोण्यासारखी. नव्या कपड्यावर बाळ ठेवत नाय आम्ही. म्हटलं, हीच घालू."

हवालदार पुढे झाले. मावशींनी त्यांचा हात धरला. "उठवायचं नाही."

"मावशी, पंच खोळंबलेत."

"खोळंबू देत."

त्या बाळाजवळ बसल्या. सवयीने त्यांनी आधी त्याचा श्वास बघितला, मग पाय पांघरलेत का ते, आणि त्यानंतर गोधडीची कड. पंच बाहेर विडी ओढत राहिले, बोहारणीने सगळ्यांना चहा दिला. बाळ आपणहून जागं होईपर्यंत पंचनामा थांबला. मावशी मला म्हणाल्या, "माझ्याकडे ही नुसती घडीत होती." गोधडी मात्र त्यांनी परत घेतली. संग्रह करणारं माणूस त्या बाबतीत पक्कं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याबरोबर आपलं सर्वांत मऊ, जुनं सुती लुगडं बोहारणीकडे धाडलं.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाला, अशी 'क' समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, आम्ही कोर्टात पाठवली. कागदोपत्री काम संपलं. ताईंचा काही दोष नाही, अशा दोन ओळी सेक्रेटरींनीही सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्या.

"ग्रुपवर मी नाय," ताई म्हणाल्या. "आणि फाटकावर बघणाऱ्या बायापण नाय."

हे आक्कांच्या कानावर गेलं. कामाच्या बायका आत शिरायच्या वेळेला, काळा चष्मा लावून, कठडा धरून आक्का जिना उतरल्या. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. फाटकात उभं राहून, बाहेर थांबलेल्या ताईंकडे हात करून त्या मोठ्याने म्हणाल्या, "गोधडी मी दिलेली. हिने नाय घेतली. चुकी माझी." वॉचमन खाली बघत होता. सेक्रेटरी काही पुटपुटले. ताईंनी आक्कांचा दंड धरला, "चला वर, डोळ्याला ऊन लागेल," म्हणाल्या आणि फाटकातून आत गेल्या.

या केसने मला शिकवलं ते असं. चौकशीत जो आवाज चढवतो त्याच्यावर आपला संशय आधी जातो. पण ज्याची अब्रू चव्हाट्यावर आली आहे, तो ओरडणारच. भ्यालेलं माणूस गप्प असतं, त्याच्याजवळ थोडा वेळ बसावं लागतं. आणि पोलिसांनी कुणाला निर्दोष ठरवलं तरी त्याची अब्रू परत करणं पोलिसांच्या हातात नसतं. ते काम ज्याच्यामुळे ती गेली त्यालाच, सगळ्यांदेखत करावं लागतं. डोळ्यांना नीट दिसत नसताना आक्का ते करायला खाली उतरल्या.