हिरव्या कड्याचा पाहुणा

हसणार नाही असं आधी कबूल करा. बरं, हसा, मी सांगणारच आहे! गाढवपणा सगळेच करतात हो, पण मी तो थेट दोन देशांत पसरवला.

दोन हजार नऊचा हिवाळा. इटियाडोह धरणाजवळच्या एका गावात मी मास्तर. बायको-मुलं शिक्षणासाठी नागपूरला, मी धुरपताबाईंच्या घरी भाड्याच्या एका खोलीत. शाळा सुटली की बोलायला भिंत. स्वतःच भात टाकायचा आणि स्वतःच 'छान झालाय' म्हणायचं. खरं सांगू? फार एकटं वाटायचं.

अशात शाळेत एक उपक्रम आला. थंडीत आपल्या तलावावर येणारे हंस उन्हाळ्यात मंगोलियात असतात म्हणे. तिथल्या एका शाळेच्या मुलांसमोर एका हंसाच्या पायात हिरवं कडं घातलं होतं. आमच्या पोरांनी तो शोधायचा आणि दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना लिहायचं. ते सगळं इंग्रजीत करून दर शनिवारी अर्जुनीच्या कॅफेतून ईमेल करायचं काम माझं.

मला पाखरं किती कळतात? कावळा आणि कोंबडी! पण एका रविवारी सकाळी धुक्यात तलावावर गेलो, दुर्बीण लावली आणि काय दिसलं? हिरवं कडं! पाखरू जरा लंगडत होतं. हिमालय ओलांडून आल्यावर कोण लंगडणार नाही? धावतपळत एसटी पकडली, कॅफेवाल्याला उठवलं आणि कळवून टाकलं, 'पोहोचला! थोडा लंगडतोय.'

सोमवारी पोरांना तलावावर नेऊन पाहुणा दाखवला, चित्र काढायला लावलं. सगळ्यांनी बदक काढलं!

"अरे, हंस आहे तो! डोक्यावरचे काळे पट्टे कुठे गेले?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पट्टे ओढले.

संध्याकाळी खोलीवर आलो, तर पाहुणा अंगणात! धुरपताबाईंच्या पुढ्यात कोंडा खात होता.

"बाई, हा... हा इथे कसा?"

"कसा म्हंजे? माहा बदक हाय जी. लोकाइच्या बदकात मिसळते म्हनून पायाले हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली. तुमी काऊन असे पाहून राहिले?"

वर्षभर माझ्या चपला घाण करणारं तेच बदक! चिंधी तेवढी नवी होती.

शनिवारी खरं काय ते कळवायचं ठरवूनच कॅफेत गेलो. पण तिकडच्या मुलांचे प्रश्न येऊन पडले होते. त्याला थंडी वाजते का? तो जेवला का? तिथे तो एकटा तर नाही ना?

मला असं कुणी विचारून किती दिवस झाले होते! लिहून टाकलं, 'एकटा नाही. मी रोज त्याच्याजवळ बसतो.' मग ते खरं करायला रोज संध्याकाळी बदकाशेजारी बसू लागलो.

हिवाळाभर मी शनिवारच्या आशेवर जगलो. मार्च सरला, तलावावरचे खरे पाहुणे उडून गेले. आता? जड मनानं कळवलं, 'आज सकाळी निघाला.' वाटलं, संपलं. आता आपल्याला कोण लिहिणार?

मे महिन्यात ईमेल आला. या वेळी मुलांचा नाही, त्यांच्या मास्तरांचा. 'तुमचा हंस सुखरूप पोहोचला. मी स्वतः पाहिला. आमच्या हवेनं त्याचं लंगडणंही कमी झालंय. सुटीत इथे कुणी नसतं. तुम्ही लिहीत राहाल ना?'

माझे डोळेच भरून आले. कागद छापून घेतला आणि धुरपताबाईंकडे धावलो.

"बाई, पोहोचला हो मंगोलियात!"

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

"तिकडं पोचला, त मंग माह्या पायाशी कोन हाय, गुरुजी?"

पायाशी बदक लंगडत होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलं जोडायला निघालो होतो आणि जोडले गेले दोन एकटे, खोटारडे मास्तर!

पण राग येईल तर शपथ! उलट आनंदानं मला रात्रभर झोप नाही. शनिवारी सगळ्यांत आधी कॅफे गाठला आणि अगदी मनापासून उत्तर लिहिलं, 'तिकडे बरा झाला, ऐकून फार बरं वाटलं. इकडे मात्र अजून लंगडतोच आहे.'

बटण दाबलं. मग आपण लिहिलेलं वाचलं.