वाजंत्री थांबते ती जागा

"बंद करा!"

मारुतरावांनी हात वर केला आणि ढोल, ताशा, सनई, सगळं एका ठोक्यात गप झालं.

भैरवनाथाची पालखी पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला आली, की वाजंत्री थांबते. गावाला वाटतं, देवाचा मान. मोनिकालाही लग्नापासून तेच वाटत होतं. खरं कारण तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे मारुतरावांनी, परवा चहा पिताना सांगितलं.

"देवाचं काय न्हाई त्यात. माझ्या बापाला गाड्या ऐकू याव्यात म्हणून."

त्यांचे वडील मालोजी पालखीसाठी गाड्या अडवायला लाल फडकं घेऊन उभे राहायचे, तेव्हा हा रस्ता म्हणजे डांबराची एक पट्टी होती. दोन्ही अंगांना वड. चाकणच्या बाजाराला निघालेल्या कांद्याच्या बैलगाड्या, नारायणगावाकडून येणारी एखादी एसटी, वळणामागून अचानक उगवणारा ट्रक. वडांमुळे दिसायचं काही नाही, ऐकावंच लागायचं. पुढे वड तुटले. रस्ता दुपदरी झाला, मग चौपदरी, मध्ये दुभाजक, कडेनं कंपन्या. खेड, मंचर, संगमनेर, सिन्नर करत नाशिकला जाणाऱ्या त्या रस्त्यानं गावाचे दोन तुकडे केले. देऊळ राहिलं अलीकडे, देवाचं मूळ ठाणं पलीकडच्या शेतात. मालोजींचं फडकं मारुतरावांकडे आलं. गाड्या ओळखायची पद्धत मात्र तीच राहिली, कानांची.

यंदाची यात्रा नेमकी शिफ्ट सुटायच्या वेळेला आली होती. चैत्राचं ऊन. पालखीच्या पुढच्या दांडीला मोनिकाचा नवरा, रणजीत. खांद्यावर घेतलेली पालखी ठाण्यावर पोचेपर्यंत खाली ठेवत नाहीत, मागेही फिरवत नाहीत.

"नाना, बंदोबस्ताचे पोलीस येईस्तोवर थांबूया ना," मोनिका म्हणाली.

"तोवर रणजीतचा खांदा राहील का? गप ऐकू दे."

मारुतरावांनी डोळे मिटले. लांबून येणारा कंटेनर त्यांनी आवाजावरून हेरला, फडकं हलवलं. कंटेनर फुसफुसत थांबला. त्याच्यामागे एक टेम्पो थांबला. मग शांतता.

"चला!"

पालखी डांबरावर उतरली. मोनिकाचे डोळे कंटेनर आणि दुभाजक यांच्यामधल्या फटीवर होते. त्या फटीत काहीतरी चमकलं. काच. मोठी, रुंद, सरकणारी काच.

"नाना, गाडी!"

"कुठाय? आवाज न्हाई!"

"तिला आवाजच नसतो!"

तिनं सासऱ्यांच्या हातातलं फडकं हिसकावलं आणि पालखीच्या पुढे धावली. कंटेनरला वळसा घालून आलेली विजेवरची बस करकचून थांबली. तिचा आरसा रणजीतच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता.

"ओ ताई, मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला.

"नाही! म्हणूनच तर आले!"

पालखी कशीबशी दुभाजकाच्या मोकळ्या जागेत पोचली. अर्धा रस्ता मागे, अर्धा पुढे. पुढच्या अर्ध्यावर नाशिककडची वाहनं थांबायला तयार नव्हती. रणजीतच्या मानेची शीर फुगली होती.

"नाना, उरका," तो दात आवळून म्हणाला.

मोनिकानं फडकं पुढे केलं. मारुतरावांनी ते घेतलं नाही.

"तूच धर."

"बाईनं फडकं धरायची रीत न्हाई, मारुतराव," मागून साहेबराव बोलले. ते देवळाचे जुने पंच.

"साहेबराव, दांडीखाली पोरगं तुमचं हाय का माझं?"

मारुतराव सुनेकडे वळले. "दिसतंय का तुला?"

"दिसतंय."

"मग मला इचारू नको."

एक ट्रक गेला. दोन मोटारी. "चला की वहिनी!" कुणीतरी कुरकुरलं. ती हलली नाही. मोटारींच्या मागून गुपचूप येणारा विजेवरचा टेम्पो तिनं आधीच पाहिला होता. तो गेला. पुढचा ट्रक लांब होता. तिनं फडकं दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि रस्त्यात उतरली. ट्रकनं दिवे मारले, हॉर्न मारला, शेवटी ब्रेक मारला. तो थांबेपर्यंत ती मागे सरकली नाही.

"आता चला!"

पालखी पलीकडच्या मातीत शिरली. ढोलवाल्यानं सवयीनं मारुतरावांकडे पाहिलं. त्यांनी हनुवटीनं सुनेकडे खूण केली. तिनं मान हलवली, तेव्हा कुठे ढोलावर टिपरू पडलं.

"पुढच्या सालापास्नं वाजंत्री थांबवायला नको," मारुतराव तिच्या कानाशी ओरडले. "माझ्या कानाचं काम संपलं."

"थांबवायचीच, नाना. ट्रक अजून वाजतातच की. तुम्ही ऐका, मी बघते."

मारुतरावांची नजर तिच्या पायांकडे गेली. पालखीपुढे अनवाणीच चालायची रीत, म्हणून ती चपलांशिवाय आली होती; आता डांबरानं पोळलेलं एकेक पाऊल उचलून झटकत होती.

"मंग चपला घालून येत जा," ते म्हणाले. "फडकंवाल्याला चालत्यात. माझ्या बापानं ती रीतबी पाडून ठेवलीय."